दाभोळच्या खाडीतली १५०८ ची भरती

३० डिसेंबर १५०८ या दिवशी दाभोळच्या खाडीत सकाळी सहाच्या आगेमागे पूर्ण भरती होती. दुपारी बाराच्या सुमारास पूर्ण सुकती झाली आणि संध्याकाळी पाणी पुन्हा चढलं. हे कुठल्या बखरीत नाही, शिलालेखात नाही, दरबारी कागदात नाही. तरीही पाचशे वर्षांनंतर ते घरबसल्या काढता येतं, आणि त्यासाठी लागणारं अर्धं गणित कोकणातल्या कोळ्यांना तोंडपाठ असतं.

हिशेब असा. चंद्राची एक फेरी, अमावास्येपासून अमावास्येपर्यंत, सरासरी २९.५३ दिवसांची. आजच्या एखाद्या पक्क्या अमावास्येपासून मागे मोजत गेलं की कुठल्याही जुन्या दिवसाचा चंद्र सापडतो. वाटेत एक अडचण येते. युरोपातलं कॅलेंडर १५८२ साली दहा दिवसांनी दुरुस्त झालं, त्यामुळे पोर्तुगीजांनी ३० डिसेंबर १५०८ असा नोंदवलेला दिवस आजच्या कॅलेंडरनं ९ जानेवारी १५०९ ठरतो. तेवढं सांभाळलं की तिथी येते पौष शुद्ध अष्टमीच्या आसपासची. तिथून पुढचं काम कोळ्यांच्या सूत्राचं: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. आठाची पाऊणपट सहा. तारखेत एका दिवसाची चूक असली, तरी भरतीची वेळ पाऊण तासानंच सरकते.

अष्टमी म्हणजे भांगाचे दिवस. उधाणाच्या तुलनेत पाण्याचा चढउतार जवळपास निम्म्यावर येतो आणि खाडीतली ओढही मंदावते. डिसेंबरात कोकणात पहाटे जमिनीवरून मतलई वारा समुद्राकडे वाहतो आणि सकाळ सरता सरता खारा वारा आत येऊ लागतो. म्हणजे त्या दोन-तीन दिवसांत दुपारनंतर वाराही आत ढकलत होता आणि पाणीही. शिडांची जड जहाजं घेऊन वाशिष्ठीच्या मुखातून आत शिरायला याहून सोयीची वेळ मिळणं कठीण. हा तर्क आहे हे खरं, पण त्याच्याखाली खगोलशास्त्राची पक्की जमीन आहे.

तो हिशेब करावासा वाटतो, कारण त्या दिवशी दाभोळ जाळलं गेलं.

पोर्तुगालचा हिंदुस्थानातला पहिला व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द आल्मेइदा सुमारे एकोणीस जहाजांचा काफिला घेऊन आला होता. पोर्तुगीज इतिहासकारांच्या सांगण्यानुसार दाभोळला तटबंदी होती आणि किनाऱ्याच्या बाजूला लाकडी मोर्चाबंदी करून तोफा मांडलेल्या होत्या. हल्लेखोर तीन तुकड्यांत उतरले आणि एकाच वेळी दरवाज्यांवर चालून गेले. झटापट फार टिकली नाही. पुढे जे झालं त्याला लढाई म्हणणं अवघड आहे. गावात शिरलेल्या सैनिकांनी बायका-मुलं पाहिली नाहीत, आणि हे लिहून ठेवलं ते विजेत्यांनीच. लूट सुरू झाली, आणि अचानक घरं पेटू लागली. ही आग खुद्द व्हाइसरॉयनं गुप्त हुकमानं लावायला सांगितली होती, असंही पोर्तुगीज इतिहासकारच सांगतात. लुटीत रमलेले सैनिक जहाजांवर परततील की नाही, याची त्याला धास्ती होती. त्याला दीवला जायचं होतं.

दीवला का, हे समजायला दोन वर्षं मागे जावं लागतं, आणि ती वाटही दाभोळच्याच खाडीतून जाते.

१५०६-०७ च्या मोसमात आल्मेइदाचा मुलगा लोरेन्सु काफिला घेऊन या किनाऱ्यावर फिरत होता. कोची आणि कण्णूरकडच्या मित्र व्यापाऱ्यांच्या जहाजांना संरक्षण देणं हे त्याचं काम. दाभोळला कालिकतच्या झामोरिनचं आरमार समोर आलं. लोरेन्सुला लढायचं होतं. पण त्याच्या कप्तानांची सभा बसली आणि बहुमतानं ठरलं की अरुंद नदीत शिरणं धोक्याचं आहे. पोर्तुगीज बाजूला राहिले आणि मित्रांची जहाजं शत्रूच्या तावडीत सापडून नष्ट झाली. कोचीला परतल्यावर बापानं चौकशी बसवली, कप्तानांना शिक्षा झाल्या. मुलाला शिक्षा झाली नाही, पण ठपका मनात राहायचा तो राहिलाच असणार.

मार्च १५०८ मध्ये चौलला कुंडलिकेच्या मुखात इजिप्तच्या मामलुक सुलतानाचा सेनापती अमीर हुसेन आणि दीवचा सुभेदार मलिक अयाज यांचं एकत्र आरमार लोरेन्सुवर आलं. या वेळी तो हटला नाही. बाहेर पडताना त्याच्या जहाजाला गोळा लागून पाणी भरू लागलं, आणि ते वाहत जाऊन मासेमारीसाठी पाण्यात ठोकलेल्या खुंटांवर अडकलं. ओढून न्यायला आलेल्या गलबताला दोर सोडून द्यावा लागला. लोरेन्सुचा पाय गोळ्यानं गेला. त्यानं स्वतःला डोलकाठीपाशी बसवून घेतलं आणि तिथं दुसऱ्या गोळ्यानं तो मेला. कुंडलिकेच्या गाळात ते खुंट ठोकणाऱ्या कोळ्याला लिस्बन कुठं आहे आणि कैरो कुठं आहे हे माहीत असण्याचं कारण नव्हतं. त्यानं आपली जाळी बांधायला खुंट ठोकले, आणि त्यांवर हिंदी महासागरातल्या दोन सत्तांचं गणित अडलं. मध्ययुगीन युद्धांबद्दल वाचताना मला सगळ्यात जास्त थक्क करणारी गोष्ट ही वाटते.

मलिक अयाजनं पकडलेल्या पोर्तुगीजांना नीट वागवलं आणि बापाला दुखवट्याचं पत्र पाठवलं. बाप मात्र थांबायला तयार नव्हता. डिसेंबर १५०८ मध्ये त्याच्या जागी नेमलेला आल्बुकर्क राजाचा हुकूम घेऊन कण्णूरला त्याच्यापुढं उभा राहिला, कारभार ताब्यात मागितला. आल्मेइदानं तो दिला नाही. आधी दाभोळ, मग ३ फेब्रुवारी १५०९ ला दीवची लढाई. तिच्यात मामलुक आणि गुजरातच्या आरमाराचा पराभव झाला.

आता इतिहासकार या गोष्टीकडे कसे बघतात ते पाहू. जुन्या इतिहासांत ही सरळ सूडाची कथा होती: पोटचा पोर गेला, बाप पेटला. कथा खोटी नाही, पण अपुरी आहे. आल्मेइदाचा कार्यकाळ संपत आलेला, उत्तराधिकारी दारात उभा, हाताखालच्या माणसांना महिनोन्‌महिने लूट न मिळालेली, आणि लाल समुद्राकडून येणारं मामलुक आरमार मोडल्याशिवाय मिरीचा व्यापार हाती राहणार नाही ही साधी व्यापारी गरज. शिवाय किनाऱ्यावरच्या प्रत्येक बंदराला कळावं असा एक धडा द्यायचा होता. दाभोळवर झाला तसा फिरंग्यांचा कोप तुझ्यावर होवो, असा शाप त्यानंतर लोक देत, असं एका पोर्तुगीज ग्रंथकारानं नोंदवलं आहे. तो शाप आपल्यापर्यंत पोचतो तो पोर्तुगीजांच्याच लेखणीतून. दहशत बसली हे सांगण्यात कुणाचा फायदा होता, हा प्रश्न तिथं विचारायलाच हवा.

ज्यांच्या लिखाणावर ही सगळी हकीकत उभी आहे, त्यांतला एकही जण दाभोळला त्या दिवशी हजर नव्हता. जुआंव द बारुश कधीच हिंदुस्थानात आला नाही. तो लिस्बनमध्ये हिंदुस्थानच्या व्यापाराचा कारभार पाहणाऱ्या कचेरीत होता, हाताशी उत्तम कागद होते, आणि त्याचा पहिला खंड १५५२ मध्ये छापला गेला. कास्तान्येदा आला, पण १५२८ मध्ये. गास्पार कोरैया १५१२ च्या सुमाराला आला, इथंच राहिला आणि आल्बुकर्कच्या लेखनिकांत होता. म्हणजे आल्मेइदाशी ज्याचं वाजलं त्याच माणसाच्या पदरी. त्याचं पुस्तक तर छापलं गेलं एकोणिसाव्या शतकात. तिघांचं जिथं पटतं तिथं थोडं निर्धास्त व्हायचं, जिथं पटत नाही तिथं कोण कुणाचा माणूस हे पाहायचं. विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधनें'चा पहिला खंड काढला, तेव्हा बखरीतला मजकूर आणि प्रत्यक्ष त्या वेळची पत्रं समोरासमोर ठेवून हेच काम मराठीत केलं होतं. त्र्यंबक शंकर शेजवलकरांनी तेच पानिपतासाठी पुढं नेलं. ही कसोटी आपल्याकडची जुनी आहे, आणि ती पोर्तुगीज कागदांवरही तितकीच चालते.

आकड्यांवर ती सगळ्यात मजेदार चालते.

इटालियन प्रवासी लुदोविको दी वार्थेमा दाभोळच्या विध्वंसाआधी तीन-चार वर्षं इथं येऊन गेला. शहराच्या तटबंदीचं त्यानं कौतुक केलं आहे. पण तो असंही लिहितो की इथला राजा मूर्तिपूजक आहे आणि त्याच्यापाशी तीस हजार लढवय्ये आहेत. दाभोळ तेव्हा बहमनी राज्याच्या पडझडीतून विजापूरच्या यूसुफ आदिलशहाकडे आलेलं बंदर. इथं स्वतंत्र राजाच नव्हता, मग त्याचे तीस हजार कुठले?

जर्मन इतिहासकार हान्स डेलब्रुक यानं १९०० च्या सुमारास अशा आकड्यांना एक साधा प्रश्न विचारायला सुरुवात केली: एवढी माणसं रस्त्यावर मावतील का? हिरोडोटसनं सांगितलेलं इराणी सैन्य त्यानं रांगेत उभं केलं, तेव्हा रांगेचं डोकं ग्रीसच्या थर्मोपिलीत पोचतं आणि शेपूट अजून इराणात सूसाहून निघतंच आहे, असं निघालं. तेव्हापासून प्राचीन आणि मध्ययुगीन लढाया वाचणाऱ्यांनी तलवार थोडी बाजूला ठेवली आणि तांदळाचं माप हाती घेतलं.

आपण दाभोळला तेच करून पाहू. माणशी रोज पाऊण किलो धान्य धरलं, तर तीस हजार माणसांना दिवसाला साडेबावीस टन लागेल. एक बैल पाठीवर शंभर-सव्वाशे किलो नेतो. म्हणजे रोज दोनशेच्या आसपास लादलेले बैल, आणि घाटमाथ्यावरून आणायचं तर कुंभार्लीसारख्या घाटातून उतरवायचे. बैलही खातो, बैलवालाही खातो. महिनाभराचं म्हटलं तर सहा हजार बैलांच्या खेपा. नाचणी-वरीवर जगणाऱ्या या पट्टीत ते कुणाला झेपणार?

याला एक पुरावाही आहे, आणि तो अंगावर येणारा आहे. दाभोळ जाळल्यावर पोर्तुगीजांना धान्याची चणचण भासली. त्यांनी आसपास शोध घेतला, तर त्या वर्षी टोळधाडीनं पिकं खाल्लेली होती. गावांत त्यांना मडकी सापडली, आणि त्यांत लोकांनी खाण्यासाठी साठवून ठेवलेले टोळ होते. विजयकथेच्या कडेला पडलेली ही एक ओळ. कुणाचा मोठेपणा सांगायला ती लिहिलेली नाही, म्हणून तिच्यावर विश्वास बसतो. त्या मडक्यांत १५०८ च्या पौषातलं वाशिष्ठीकाठचं गाव दिसतं: खरीप गेलेला, समोर लांब उन्हाळा, घरात झाकून ठेवलेले टोळ, आणि त्यातच नदीच्या मुखातून आलेली परकी शिडं. पोर्तुगीज हजार-पंधराशेच्या घरात होते, आणि एवढ्यांनाही ही भूमी खायला घालू शकली नाही.

मग प्रश्न पडतो की असल्या बंदरासाठी एवढे जण का झगडत होते. उत्तर घोड्यांत आहे.

दख्खनच्या पठारावर अरबी-इराणी जातीचा लढाऊ घोडा नीट पैदास होत नव्हता. घोडदळावर उभ्या असलेल्या राज्यांना तो दरवर्षी समुद्रातून आणावा लागे. रशियातल्या त्वेरचा व्यापारी अफानासी निकितिन स्वतः होर्मुझहून एक घोडा घेऊन चौलला उतरला होता. जुन्नरच्या सुभेदारानं तो हिसकावला आणि मोठ्या मिनतवारीनं परत मिळाला. १४७२ च्या सुमारास परतीच्या प्रवासात निकितिन दाभोळहून जहाजावर चढला. दाभोळचं वर्णन त्यानं मोठं बंदर म्हणून केलं आहे, जिथं अरबस्तान-खुरासानकडचे घोडे उतरतात. इथं घोड्यांना हरभरे घालतात आणि तेल-साखर घालून खिचडी शिजवून देतात, हेही त्याला नवलाचं वाटलं. इतिहासकार सायमन डिग्बी यांनी दिल्लीच्या सुलतानांच्या युद्धसामर्थ्याचा हिशेब घोडा आणि हत्ती यांच्या पुरवठ्यावरून मांडला, तेव्हापासून असल्या नोंदींचं मोल एकदम वाढलं. बीदरच्या मैदानात घोडदळ धडकतं त्याच्या कितीतरी महिने आधी ती लढाई दाभोळच्या धक्क्यावर सुरू झालेली असते: आजारी घोडा उतरवणाऱ्या खलाशांच्या हातांत आणि हरभरा पुरवणाऱ्या वाण्याच्या दुकानात. आल्बुकर्कनं १५१० मध्ये गोवा घेतल्यावर घोड्यांचा व्यापार तिकडे वळवायची धडपड केली, ती याचसाठी.

आणि हे घोडे कोकणात मात्र निरुपयोगी. १४५३ मध्ये बहमनी सरदार मलिक-उत्-तुज्जार खलफ हसन बसरी शिर्क्यांवर आणि खेळण्याच्या, म्हणजे आजच्या विशाळगडच्या, शंकररायावर चालून आला. शिर्क्यानं शरण आल्याचं दाखवलं, वाटाड्या होऊन सैन्याला घनदाट रानात नेलं, आणि रात्री खेळण्याच्या लोकांनी त्यांना कापून काढलं. आपल्याकडे ही गोष्ट गनिमी काव्याचा आरंभ म्हणून मोठ्या अभिमानानं सांगितली जाते. पण तिचा मुख्य आधार इतिहासकार फिरिश्ता. त्यानं ती दीडशे वर्षांनी विजापूरच्या दरबारात बसून लिहिली. तो स्वतः इराणकडून आलेल्या 'आफाकी' घराण्यातला, आणि बहमनी दरबार आफाकी विरुद्ध दख्खनी अशा वैरानं पोखरलेला होता. रानातून वाचलेले आफाकी चाकणला पोचले आणि तिथं दख्खनी सरदारांच्या कारस्थानानं मारले गेले, हे सांगणं फिरिश्त्याला जास्त महत्त्वाचं होतं. म्हणजे आपण ज्याला मराठी शौर्याची कथा म्हणून वाचतो, ती लिहिणाऱ्यानं आपल्या माणसांवर झालेल्या दगाफटक्याची कैफियत म्हणून लिहिली. दोन्ही खरं असू शकतं. पण आकडे आणि संवाद घेताना हात आखडता घ्यायला हवा.

त्याच खेळण्यावर पुढं १४७०-७१ मध्ये बहमनी वजीर महमूद गवान आला, आणि इथं आपलं नशीब उघडतं. गवानची पत्रं 'रियाज-उल-इन्शा' या संग्रहात टिकली आहेत. मोहिमेवरून लिहिलेली, पाऊस, रान आणि दुर्गम वाटा सोसत असताना लिहिलेली, आणि पाठीमागं दरबारात आपल्याविरुद्ध कुजबुज चालली आहे या सलानं भरलेली. फारसी भाषेचा भरजरी अंगरखा बाजूला सारला की आत एक थकलेला, संशयानं घेरलेला सेनापती भेटतो. त्यानं जंगल तोडत, जाळत, एकेक जागा पैशानं आणि वेढ्यानं घेतली. १४५३ च्या कथेत जे रान गूढ आणि शापित वाटतं, ते या पत्रांत कुऱ्हाडीनं मोजायचं काम होतं.

दाभोळच्या बाबतीत असं पत्र मिळालेलं नाही. मेलेल्यांची बाजू विजेत्यांच्या ग्रंथांतल्या फटींतून, टोळांच्या मडक्यांतून, चंद्राच्या गणितातून काढावी लागते. यावर एक आक्षेप येतो की एवढं करून हाती काय लागतं? माझं उत्तर असं, की निदान 'शहर पुरतं नाहीसं झालं' हे विजेत्यांचं वाक्य तरी तपासता येतं. विध्वंसानंतर दहाएक वर्षांच्या आतच दुआर्ते बार्बोझा हा पोर्तुगीज कारकून या किनाऱ्याचं वर्णन लिहितो. त्यातलं दाभोळ पुन्हा वसलेलं आहे, मलबार, गुजरात, एडन आणि होर्मुझची जहाजं तिथं येतात, आणि नदीच्या तोंडावर तोफा चढवलेला बुरूज उभा आहे. जळालेल्या गावानं घरं बांधली, घोड्यांची गिऱ्हाइकं परत मिळवली आणि पहिल्या मारानं काय शिकवलं तेही लक्षात ठेवलं. पोर्तुगीज त्या शतकात पुन्हा पुन्हा दाभोळवर आले, कारण दर वेळी तिथं लुटण्याजोगं काहीतरी उभं राहिलेलं असे.

बंदर राखायची ती समज पुढंही टिकली. वाशिष्ठीच्या मुखाच्या दक्षिण टोकावर, दाभोळच्या पलीकडे, विजापूरकरांनी अंजनवेलचा किल्ला बांधला. अफझलखानाच्या वधानंतर शिवाजी महाराजांची फौज कोकणात उतरली तेव्हा दाभोळ घेणं हे तिच्या पहिल्या कामांत होतं. पुढं अंजनवेल सिद्दीकडे गेला, १७४५ मध्ये तुळाजी आंग्र्यांनी तो घेऊन त्याचं नाव गोपाळगड ठेवलं, दहा-अकरा वर्षांनी तो पेशव्यांकडे आला आणि १८१८ मध्ये इंग्रजांकडे. इतक्या राजवटी बदलल्या, पण आत शिरणाऱ्या जहाजाला मुखातच गाठायचं, ही जागेची निवड कुणीही बदलली नाही. आज धोपाव्याकडून फेरीबोटीनं दाभोळला येताना शाही मशिदीचा घुमट समोर मोठा होत जातो आणि मागं अंजनवेलचं टेकाड राहतं. बार्बोझानं पाहिलेला तो तोफांचा बुरूज या दोन काठांपैकी नेमका कुठं होता, हे एखाद्या तरुण संशोधकानं पोर्तुगीज नकाशे, सुकतीच्या वेळी उघडे पडणारे दगड आणि गाळाचे नमुने घेऊन शोधायला हवं.